उचलण्यापुरतं बळ

दीपमालाच्या हातून प्रशिक निसटला तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं. नवरा तुळशीराम रायपूरच्या रेल्वे वॅगन दुरुस्तीच्या वर्कशॉपात ड्यूटीवर होता, सासू मीराबाई बुद्धविहारात गेली होती. प्रशिक तेव्हा बारा वर्षांचा. चालणं बंद होऊन वर्ष होत आलं होतं. भिंत धरून जरा उभा राहायचा, एवढंच. दीपमालाने त्याला नेहमीसारखं स्टुलावर बसवून आंघोळ घातली, अंग पुसलं आणि उचलण्यासाठी दोन्ही काखांत हात घातले. अंग अजून ओलसर होतं. त्याच्या खांद्यांत धरून ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ती वर ओढायला गेली, तसे त्याचे दोन्ही हात डोक्यावर गेले आणि अख्खं पोर साबणाच्या वडीसारखं तिच्या पंजांतून खाली सरकलं. उजवा पाय दुमडून अंगाखाली गेला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

प्रशिक ओरडला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तो म्हणाला, "मम्मी, तेरे को लगा क्या?"

ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन फरशीवरच बसली. त्याला उचलून खोलीत न्यायचं बळ तिच्यात नव्हतं, आणि तसाच टाकून बाहेर जायला मन होत नव्हतं. तिने हाका मारल्या. पण क्वार्टरच्या मागच्या रस्त्याने भनपुरीकडे ट्रकांची रांग लागली होती. त्या घरघरीत बाईमाणसाचा आवाज कुठवर जाणार? पोराच्या अंगावर टॉवेल घालून ती बसून राहिली. मीराबाई परत आली, दारातूनच तिने पाहिलं, आणि शेजारच्या माणसांना बोलावण्याआधी म्हणाली, "पाडला न व? पाडला न शेवटी पोट्ट्याले?"

खरं होतं ते.

प्लास्टर निघालं तेव्हा भिंत धरून उभं राहणंही संपलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, या मुलांची हाडं वापराविना ठिसूळ होतात, आणि पाय एकदा थांबला की परत चालत नाही.

तिला हे सगळं नवीन नव्हतं. भंडाऱ्याकडच्या तिच्या गावी तिचा धाकटा भाऊ नीलकंठ असाच गेला होता. त्याच्या आजाराला नाव नव्हतं. लोक म्हणायचे, पोराला वारं लागलं. तिची आई भीमाबाई त्याला पाठीवर घेऊन शाळेत पोचवायची, शाळा सुटली म्हणजे परत आणायची. नीलकंठ वाढत गेला तशी भीमाबाई वाकत गेली. मिसरूड फुटलं त्या वर्षी नीलकंठ वारला, आणि भीमाबाई मात्र वाकलेलीच राहिली. पुढे कितीतरी वर्षं ती जमिनीकडे बघत चालायची. कोणी हाक मारली तर मान तिरपी करून वर बघायची.

म्हणून प्रशिक चार-पाच वर्षांचा असताना लोक त्याच्या पोटऱ्यांचं कौतुक करू लागले, तेव्हा दीपमाला त्याला लांब पायजमा घालू लागली. पोटऱ्या होत्याही तशा, गोल, टणक, भरलेल्या. वर्कशॉपातले लोक तुळशीरामला म्हणायचे, "पोट्टा पैलवान होते तुहा." नीलकंठच्याही अशाच होत्या. दिसायला पैलवानाच्या, पण जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर प्रशिक थांबायचा आणि हात वर करायचा. पुढे नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं की त्या पोटऱ्यांत ताकद नाहीच, स्नायू झिजून त्यांच्या जागी चरबी भरली आहे. मग पाय जातील, मग हात, मग श्वास. आणि हा आजार आईच्या रक्तातून मुलाकडे येतो.

मीराबाई बाहेरच्या बाकावर बसली होती. दार उघडं होतं. तिने ते ऐकलं, आणि नागपूर ते रायपूर गाडीत सुनेशी एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "माहा नातू तुया माहेरानं खाल्ला." त्यावर तुळशीराम आईवर ओरडला, पण तोंडातून गेलेलं परत थोडंच येतं! दीपमालाने दुसरं मूल होऊ दिलं नाही. ऑपरेशन करून घेतलं. मीराबाईने तेही मनात ठेवलं.

तुळशीराम भला माणूस. सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर पोराचं सगळं उचलणं तोच करायचा. पण पाय मोडला त्याच वर्षी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. टाके निघाले तरी डॉक्टरने जड उचलायची कायमची बंदी केली. घरात मग उचलणारी एकच राहिली, आणि तिच्या हातून एकदा पोर पडलेलं.

रायपूर राजधानी झाल्यापासून शंकर नगरात बंगल्यांच्या तळमजल्यांवर लॅब, दवाखाने, कोचिंग असं काहीबाही उघडत होतं. तशाच एका तळमजल्यावर क्षमाचं फिजिओथेरपीचं सेंटर होतं. बाई अमरावतीची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेली; बोलायला सरळ, जरा कोरडीच. प्लास्टर काढल्यावर दीपमाला प्रशिकला तिच्याकडे न्यायला लागली. क्षमा त्याचे पाय हळूहळू ताणायची, घोटे वाकवायची. एके दिवशी काम झाल्यावर दीपमाला त्याला टेबलावरून व्हीलचेअरवर घ्यायला वाकली. चेहरा लाल झाला, पाठ धनुष्यासारखी झाली, आणि तोंडातून "आई गं" निघालं.

"ताई, थांबा," क्षमा म्हणाली. "ठेवा त्याला परत. आणखी एकदा उचला, मला बघू द्या."

दीपमालाने परत उचललं.

क्षमा तिला बाहेरच्या खोलीत घेऊन गेली. "खरं सांगू? याच्या पायांचं मी जे करते ते आखडू नयेत म्हणून. त्यानं ताकद येणार नाही, तुम्हालाही माहीत आहे. पण तुमच्यात ताकद येऊ शकते. आजपासून पेशंट तुम्ही."

"मले काय झालं? मी तं धडधाकट आहो."

"तुम्ही पाठीनं उचलता. पाय, मांड्या नुसत्या उभ्या राहतात आणि सगळं ओझं कमरेवर. अशी दोन-तीन वर्षं निघतील. मग कंबर जाईल. तुमची कंबर गेली तर याला कोण उचलेल?"

दीपमालाच्या डोळ्यांपुढे भीमाबाई आली, तिरप्या मानेने वर बघणारी. ती म्हणाली, "काय करा लागते सांगा."

सेंटरच्या वरच्या मजल्यावर एक जिम होतं. क्षमाने तिला तिथे पाठवलं, कारण खाली वजनं नव्हती. सकाळी तुळशीराम घरी असायचा त्या वेळात ती सलवार-कमीज घालून, पायांत कॅनव्हासचे बूट चढवून तिथे पोचली. चारी भिंतींना आरसे. मोठ्याने गाणी. लग्न ठरलेल्या मुली, कमरेला टेप लावून बघणाऱ्या बायका, बनियनमध्ये दंड फुगवून आरशापुढे वळणारी पोरं. तिथला ट्रेनर नीलेश मराठीच होता, पण बोलायचा हिंदीत. त्याने नाव-वय विचारलं आणि म्हणाला, "आंटी, टार्गेट क्या है?"

"पैंतालीस किलो."

त्याने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पैंतालीस तक आना है? टाइम लगेगा, पर हो जाएगा."

"नहीं भैया. पैंतालीस उठाना है."

नीलेश हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. तिने सगळं सांगितलं. त्याने गाण्याचा आवाज कमी केला आणि आरशापासून लांब, खिडकीजवळचा एक कोपरा तिला दिला. पण शिकवायची वेळ आली तेव्हा त्याचीही पंचाईत झाली. त्याला लोखंड उचलायला शिकवता येत होतं, ते दोन्ही बाजूंनी सारखं असतं, मुठीत बसतं. माणूस तसं नसतं. मान एकीकडे कलते, पाय दुसरीकडे घसरतात. क्षमा खालून वर आली, आणि दोघांनी मिळून रीत ठरवली. पाय रुंद ठेवून खुर्चीत बसल्यासारखं खाली जायचं. ओझं पोटाशी घ्यायचं, लांब नाही. उचलताना श्वास सोडायचा. वळायचं ते कमरेतून पिळून नाही, पाऊल टाकून. आणि काखेत हात कधीच घालायचा नाही. एक हात पाठीमागून पलीकडच्या बरगडीवर, दुसरा दोन्ही गुडघ्यांखालून.

पहिला महिना तिला जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. मांड्या थरथरायच्या. घरी येऊन परत स्वयंपाक, कपडे, प्रशिक. तिला वाटायचं, असलेली ताकदही यातच चालली. नीलेश म्हणायचा, "आंटी, शीशे में देखो, फर्क दिखेगा." ती आरशात बघत नव्हती. फरक तिला एकाच जागी बघायचा होता.

तो दिसला तेव्हा आधी प्रशिकला दिसला. एके दिवशी तिने त्याला पलंगावरून खुर्चीत ठेवलं आणि तो म्हणाला, "आज तूने 'आई गं' नहीं बोला."

रोज शंकर नगरला जाणं पुढे जमेना. मीराबाई कुरकुर करायची, आणि तुळशीरामच्या ड्यूटीची वेळ बदलली. तेव्हा क्षमाने सुचवलं की घरीच पोतं भरा. तुळशीरामने किराणा दुकानाच्या काट्यावर तांदळाचं पोतं प्रशिकच्या वजनाइतकं भरलं, तोंड दाभणाने शिवून टाकलं आणि हमालाकडून घरी आणवलं; पुढे पोर वाढत गेलं तशी तो त्यात भर घालत गेला. पोतं बरोबर माणसासारखं होतं, कुठूनही धरा, कुठेतरी लोंबायचंच. मधल्या खोलीत ते भिंतीला टेकून उभं असायचं. प्रशिक त्याला 'जुड़वा' म्हणायचा, आपला जुळा भाऊ.

"जुड़वा को उठा ले मम्मी, वो भी सुबह से बैठा है."

प्रशिकची शाळा कायमची सुटली होती. नववीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता, आणि शाळेने हात जोडले होते. प्रशिक घरी बसून दहावीचा बाहेरून अभ्यास करायचा आणि दुपारी आईचा मास्तर व्हायचा. क्षमाचं सगळं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"कमर सीधी. मम्मी, कमर! साँस छोड़. घुटना अंदर जा रहा है."

"जाऊ दे न बाप्पा, थकली मी."

"एक और. मैं तो एक भी नहीं कर रहा, तू मेरे हिस्से का भी कर."

तो हसून बोलायचा. चमचा तोंडापर्यंत न्यायला त्याला टेबलावर कोपर टेकून हात ढकलावा लागत होता, आणि तो मांड्या कशा लावायच्या ते सांगत होता. दीपमालाला वाटायचं, याला काही उत्तर द्यावं. ती पोतं उचलायची.

अशी वर्षं गेली. तिचे खांदे रुंद झाले. ब्लाउजच्या बाह्या उसवून घ्याव्या लागल्या. विहारातल्या बायका हळूच विचारायच्या, "दीपमाला, तू तं जिमला जात होती न? मंग बारीक नाही झाली काहून?" मीराबाई त्यांच्यासमोरच म्हणायची, "पैलवान झाली जी आमची सून." कंबर काही बारीक झाली नव्हती, उलट जाड झाली होती. पण आता ती प्रशिकला पलंगावरून घेऊन खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, कमोडवरून न्हाणीघरात न्यायची आणि तिची पाठ दुखत नव्हती. एकदाही निसटला नाही. उन्हाळ्यात कूलरपुढे, लाइट गेली की उचलून बाहेर ओट्यावर. त्याला कुठे बसायचं असेल तिथे ती त्याला बसवू शकत होती.

पंधरावं लागल्यावर प्रशिकने एक दिवस न्हाणीघराच्या दारात सांगितलं, "मैं तेरे से नहीं नहाऊँगा."

"मंग कोणाच्यानं?"

"पापा से. शाम को."

"तुले शरम वाटते काय? मी माय आहो तुही."

"इसीलिए."

मग त्यांनी ठरवलं, ती फक्त उचलून आणेल आणि स्टुलावर ठेवून बाहेर जाईल. अंग धुणं तुळशीराम करेल. तुळशीरामला उचलता येत नव्हतं, पण पाणी घालता येत होतं. ती दाराबाहेर पाठ करून उभी राहायची आणि बापलेकांचं बोलणं ऐकायची. बाप मराठीत विचारायचा, पोरगा हिंदीत उत्तर द्यायचा. ते दोघं बोलताहेत याचं तिला बरं वाटायचं आणि आपण बाहेर आहोत याचं वाईटही.

प्रशिक अठरा वर्षांचा झाला. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर दीपमालाला जाणवलं की उचलणं सोपं झालंय. फारच सोपं. पूर्वी खाली जाताना मनाची तयारी करावी लागायची, आता कामाच्या नादात सहज उचललं जायचं. तिला आतून आनंद झाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं की आपण जिंकतोय. क्षमा महिन्यातून एकदा घरी यायची, तिला तिने सांगितलं, "मॅडम, आता तं मी याले फुलासारखं उचलतो." क्षमा तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "जेवण नीट करतो का?"

"थोडंच खाते. चावून चावून थकते म्हणते."

क्षमाने प्रशिकचं मनगट आपल्या बोटांत धरून पाहिलं.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, दीपमालाने प्रशिकला खुर्चीत बसवलं आणि पोत्याकडे वळली. बरेच दिवस पोत्याला हात लागला नव्हता. सणासुदीची कामं होती. ती पाय रुंद करून खाली गेली, पोतं पोटाशी घेतलं आणि उठली. पोतं जड होतं. तेवढंच जड, जेवढं नेहमी असायचं. मांड्यांना तोच ताण, दंडांना तीच ओढ. तिने ते खाली ठेवलं.

मग खुर्चीपाशी गेली आणि प्रशिकला परत उचललं.

"क्या हुआ? अभी तो बिठाया," तो म्हणाला.

"काही नाही."

तिने त्याला ठेवलं, परत पोतं उचललं. मग पोतं टाकून दिलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. तिचं बळ वाढलं नव्हतं. ते होतं तिथेच होतं. पोरगा हलका झाला होता.

प्रशिक तिच्याकडे बघत होता. "पता चल गया?" त्याने विचारलं.

"तुले माहीत होतं?"

"पैंट ढीली हो गई है कब से. पापा को भी दिखता होगा, नहलाते हैं न. तू खुश थी, इसलिए किसी ने नहीं बोला."

तिने पदर तोंडात धरला. तो म्हणाला, "मम्मी, रो मत. मैं उठके पोंछ नहीं सकता."

त्यानंतर जे झालं ते डॉक्टरांनी पूर्वीच सांगून ठेवलेल्या क्रमाने झालं. हृदय मोठं झालंय, फुप्फुसं अर्धीच भरतात. गोळ्या वाढल्या. जेवण पातळ झालं. थंडीत त्याला खोकला धरला, आणि खोकायला लागणारं बळही त्याच्यात राहिलं नव्हतं. कफ छातीत घरघरायचा, वर येत नव्हता. क्षमाने दीपमालाला शिकवलं: तो खोकायला लागला की दोन्ही तळवे बरगड्यांच्या खाली ठेवायचे आणि त्याच्या श्वासाबरोबर वरच्या दिशेने जोरात दाब द्यायचा. त्याचा खोकला तिने खोकायचा. त्या कामाला तिचे दंड उपयोगी पडले. पण किती जोर लावायचा, याची भीती वाटायची. बरगड्या हाताला काडीसारख्या लागत.

"जोर से," तो दातांतून म्हणायचा. "डर मत. जोर से."

एका सकाळी दाबूनही काही वर आलं नाही. ओठ निळे पडले. तुळशीराम शेजाऱ्याची गाडी घेऊन आला, दीपमालाने प्रशिकला उचलून मागच्या सीटवर नेलं, दवाखान्यात स्ट्रेचरची वाट न बघता तशीच आत घेऊन गेली. दारातला माणूस "अरे बाई, रुको" म्हणत राहिला. दवाखान्यात त्याला मास्क लावला. डॉक्टरने घशात नळी घालण्याबद्दल तुळशीरामला विचारलं. तुळशीरामने प्रशिकला विचारलं, कारण तो शुद्धीवर होता. प्रशिकने मास्कखालून मान हलवली. नको. तिसऱ्या दिवशी दुपारी, नर्स सलाइन बदलत असताना, तो गेला. दीपमालाचे तळवे त्याच्या बरगड्यांवरच होते.

घरी आणल्यावर कॉलनीतली माणसं गाडीपाशी पुढे झाली. तिने त्यांना मागे सारलं नाही. चार माणसांनी त्याला आत नेलं. चार माणसं कशाला लागतात, एवढंच तिच्या मनात आलं. भंतेजी आले, पांढरे कपडे घातलेली माणसं ओट्यावर आणि रस्त्यावर बसली, त्रिशरण झालं. मीराबाईने नातवाचे पाय धरले आणि ते सुटेनात. बायकांनी तिचे हात सोडवले.

पुण्यानुमोदनाच्या विधीआधी तुळशीरामने मधल्या खोलीतलं पोतं उचलून नेलं. त्याला बंदी होती तरी त्यानेच नेलं. कुठे नेलं, ते तिने विचारलं नाही.

पुढचे महिने वाईट होते. दुःख तर होतंच, पण शरीराचंही काही कळेना. हात सकाळी आपोआप पुढे व्हायचे. दंडांत, मांड्यांत ठणका लागायचा, जसा पूर्वी कामानंतर लागायचा, आणि आता तर काम नव्हतं. क्षमाने निरोप धाडला: सेंटरवर या, अशाच मुलांच्या आणखी दोन आया येतात, त्यांना शिकवाल का? दीपमाला एकदा गेली. तिथे एक बाई होती, पंडरीच्या कापड बाजारात नवऱ्याचं दुकान असलेली, सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आलेली. मुलगा अजून चालत होता. बाईने दीपमालाचे दंड बघून विचारलं, "दीदी, आप जिम करते हो?" दीपमालाने हो म्हटलं. मुलगा टेबलाखालून चेंडू काढत होता. बाई परत म्हणाली, "मैं भी सोचती हूँ, डिलिवरी के बाद से वजन बढ़ गया." दीपमाला तिला काही शिकवू शकली नाही. क्षमाला येते म्हणून निघाली, आणि पुन्हा गेली नाही.

मग चैत्रात मीराबाई ओट्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. वय झालेलं, साखर वाढलेली, डॉक्टर ऑपरेशनला तयार होईनात. घरी न्या, म्हणाले, सेवा करा. सेवा म्हणजे काय, ते त्या घराला सांगावं लागलं नाही.

पहिल्या दिवशी मीराबाईला कमोडच्या खुर्चीवर न्यायचं होतं. तीच खुर्ची. तुळशीराम म्हणाला, "मी एक बाजू धरतो."

"तुम्ही हात नका लावू," दीपमाला म्हणाली. "हर्नियाचं दुसऱ्यांदा फाटलं तं तुमाले कोण उचलंन?"

तो बाहेर गेला. मीराबाई पलंगावर डोळे मिटून पडली होती. सुनेचा हात पाठीमागे जायला लागला, तशी तिने डोळे उघडले. त्या डोळ्यांत भीती होती, उघडी, लहान मुलासारखी.

"पाडशीन व मले," ती म्हणाली.

दीपमाला थबकली. एवढ्या वर्षांत जे काही ऐकून घेतलं होतं ते सगळं तिच्या तोंडाशी आलं, नागपूरच्या गाडीतला अबोला, माहेर, रक्त, सगळं. ती बोलली असती तर कोणी दोष दिला नसता. पण मीराबाईची बोटं चादरीत रुतली होती आणि लघवीला थांबणं शक्य नव्हतं.

"मानेले हात घाला, आत्याबाई," ती म्हणाली. "असा. आता सोडू नका."

ती पाय रुंद करून खाली गेली. एक हात पलीकडच्या बरगडीवर, दुसरा मांड्यांखालून, मोडलेला खुबा हलू न देता. श्वास सोडला आणि उठली. म्हातारी जड होती, प्रशिक कधीच एवढा जड नव्हता. तीन पावलं टाकून तिने तिला खुर्चीवर अलगद ठेवलं. मीराबाईचे हात तिच्या मानेभोवती तसेच होते. आपण खुर्चीवर आलो हे तिला कळायला वेळ लागला.

"दुखलं काय?" दीपमालाने विचारलं.

मीराबाईने नाही म्हणून मान हलवली. मग भिंतीकडे बघत ती म्हणाली, "रोज असंच उचलशीन?"

"रोज."

"किती दिवस?"

दीपमालाने तिचं लुगडं नीट केलं, पाठीशी उशी लावली. "झालं म्हणजे हाक मारा," ती म्हणाली, आणि दाराबाहेर जाऊन पाठ करून उभी राहिली.